दाब, धर, सोड

तिसऱ्यांदा ‘धर’ ऐकू आलं तेव्हा तिच्या पोटरीत गोळा आला, आणि ‘सोड’ यायच्या आतच तिचा पाय ब्रेकच्या पेडलवरून उचलला गेला. काही झालं नाही. म्हणजे आभाळ कोसळलं नाही, गाडी जॅकवरून घसरली नाही, गाडीखालून शिवीही आली नाही. फक्त मागे डावीकडे, जिथलं चाक काढून ठेवलं होतं तिथून, तान्हं मूल बाटलीतला शेवटचा घोट ओढतं तसा एक आवाज आला, चुर्र, आणि थांबला. मग पाना फिरल्याचा आवाज. मग नवऱ्याचा. “सोड.” सोडण्यासारखं पायाखाली काही उरलंच नव्हतं. “दाब,” तो म्हणाला. तिनं दाबलं, आणि ओल्या गादीवर पाय पडावा तसं पेडल खाली खाली गेलं. “अजून हवा आहे,” तो खालूनच पुटपुटला, आणि मग मोठ्यानं म्हणाला, “काही म्हणालीस का?”

“नाही,” ती म्हणाली.

नियम तिला पाठ होता. ही गाडी त्यांनी घेतली तेव्हाही जुनीच होती, आणि घेतल्यालासुद्धा आता सव्वीस वर्षं झाली होती. पहिल्यांदा ब्रेक खोलले त्या दिवशी त्यानं तिला इथंच, ह्याच सीटवर बसवून शिकवलं होतं. तो पंपघरातला फिटर. जग त्याला नळ, नळी आणि दाब ह्यांतूनच कळायचं. पाण्याच्या पेल्यात नळी बुडवून, वर बोट दाबून, बोट उचलून त्यानं दाखवलं होतं. तू पेडल दाबून धरायचं, मी चाकाशी निपल, म्हणजे हवा काढायची बारीक तोटी, उघडणार, नळीतून हवेसकट तेल बाहेर येणार, मी निपल आवळणार, आणि मी ‘सोड’ म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही. निपल उघडं असताना पाय उचललास की बाहेर पडलेली हवा उलटी आत शिरली. मग सगळं पहिल्यापासून. “तुझा पाय म्हणजे माझा तिसरा हात,” असं तो त्या दिवशी म्हणाला होता, हाताला तेल होतं म्हणून कोपरानंच तिच्या खांद्याला ढोसत. ते वाक्य तिनं कित्येक वर्षं घडी न मोडता ठेवलं होतं. त्यानंतर तो फार काही म्हणाला नव्हता. दर दोन-तीन वर्षांनी ब्रेक खोलायचे, दर दोन-तीन वर्षांनी ती ह्या सीटवर येऊन बसायची, आणि तेवढा दिवस त्या दोघांचा संसार तीन शब्दांवर छान चालायचा. दाब. धर. सोड. घरात मात्र त्याला ती कशाला लागत नसे. चहासुद्धा तो स्वतःचा स्वतः करून घ्यायचा, पातेलं विसळून पालथं घालायचा, कपाला कान नसल्यासारखा तो दोन्ही हातांत धरून खिडकीशी उभा राहून प्यायचा.

गाडी उद्या लागणार होती. उद्या सकाळी आठला तिच्या आईला घेऊन निघायचं, घाट उतरायचा आणि पलीकडे गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांची संस्था आहे तिथं बाराच्या आत पोचायचं. बाराला बेड यादीतल्या पुढच्या नावाला जाणार होता. संस्थेच्या बाईंनी फोनवर दोनदा सांगितलं होतं, अगदी मधाळ आवाजात, की आम्ही कुणाला नाही म्हणत नाही हो, फक्त थांबू शकत नाही. भाड्याची गाडी तो करणार नव्हता. “सामान जातं भाड्याच्या गाडीनं. माझ्या घरातलं माणूस माझ्या गाडीतून जाईल,” हे त्यानं तिच्या भावाला फोनवर ऐकवलं होतं, आणि एकदा बोललेला शब्द तो परत घेत नसे. दुसऱ्या मेकॅनिकचा हात त्यानं ह्या गाडीला कधी लागू दिला नव्हता. आणि ब्रेक नसताना घाट उतरण्याइतका तो वेडा नव्हता. म्हणजे आज दिवसभरात ब्रेक झाले नाहीत, तर बेड गेला. इतकं सोपं होतं ते. सकाळी त्यानं मागच्या चाकातले झिजलेले रबर बदलले, तिला हाक मारली, ती पदोपदी गुडघा धरत दारापुढच्या पायऱ्या उतरून आली, सीटवर बसली, तोवर हे तिच्या ध्यानातही नव्हतं. पोटरीतल्या गोळ्यानं दाखवलं.

“दाब... दाब... दाब... धर.”

तिनं धरलं. पाना फिरला, पेडल तिच्या पायाखालून तळाशी गेलं, बाटलीत तेल पडल्याचं तिनं ऐकलं, आणि मग तिनं पाय उचलला. ह्या वेळी पोटरी शांत होती. चुर्र. मांजराच्या पावलानं तिनं पाय परत पेडलवर नेऊन ठेवला. “सोड,” तो म्हणाला.

आपल्याला इतकं हलकं वाटेल असं तिला वाटलं नव्हतं. तोंडानं तिनं जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. संस्थेचा फॉर्म आणून त्यानं तो जेवणाच्या टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण काढून पेन तिच्याकडे सरकवलं आणि विचारलं, “चालेल ना?” तेव्हाही ती म्हणाली होती, “बघा तुम्ही.” मुलीची सही लागते, तिनं केली. आडनावाचं शेवटचं अक्षर नेहमी तिरकं जायचं ते त्या दिवशी मात्र सरळ आलं. आणि आता तिचा हा सुजऱ्या घोट्याचा, भेगा पडलेल्या टाचेचा उजवा पाय तिच्या वतीनं बोलत होता. नाही. नाही. नाही. तो चाकापाशी मातीत पाठीवर पडलेला, त्याला हा पाय दिसत नव्हता. तिला तो दिसत नव्हता, फक्त आरशात त्याच्या चपलांचे तळवे दिसत होते, एखाद्या बुडालेल्या माणसाचे असावेत तसे वर.

मागचं डावं झालं, मागचं उजवं झालं. झालं म्हणजे झालं नाही. तो उठला, बॉनेट उघडून ब्रेकच्या डबीत तेल ओतलं, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. तिच्या खिडकीशी येऊन आत हात घालून त्यानं हातानंच पेडल दाबून पाहिलं. मऊ. त्याच्या मनगटावरचे पांढरे केस तेलानं चिकटले होते. “तुला काय वाटतं?” त्यानं विचारलं.

“मला काय कळतंय त्यातलं. बघा तुम्ही.”

“काही म्हणायचंय का?”

“मी कशाला काय म्हणू?”

तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. याला ऐकूही कमी यायला लागलंय, तिला वाटलं. हल्ली काही न बोलताच विचारतो, काही म्हणालीस का.

वरच्या गॅलरीतून मास्तर डोकावले. निवृत्त झाल्यापासून मास्तरांना कुणाचं तरी काहीतरी तपासल्याशिवाय करमत नसे. “काय फिटरसाहेब, पेशंट अजून टेबलावरच? सकाळी नऊला आत घेतला होता!”

“हवा निघत नाहीये मास्तर.”

“वयाचा परिणाम! आमचंही तसंच आहे हो, फक्त आम्ही पाना लावून घेत नाही.” स्वतःच्याच विनोदावर मास्तर हसत आत गेले. फिटर हसला नाही. त्यानं उजवा हात पुढे धरून बोटं पसरली, बघितली, मिटली. ती काचेतून ते बघत होती. पंपघरात त्या हातांची ख्याती होती. बंद पडलेल्या पंपावर तो नुसता तळवा ठेवायचा आणि बेअरिंग कुठलं गेलं ते सांगायचा. “हात गेले वाटतं माझे,” तो कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला. आणि तिच्या छातीत कुठंतरी, अगदी खोल, एक गोड कळ उठली. तिला त्या कळेची लाज वाटायला हवी होती. तिनं वाट पाहिली. लाज आली नाही. जाऊ देत की हात. माझे गुडघे गेले तेव्हा तू काय म्हणाला होतास? सावकाश चाल म्हणाला होतास.

पुढचं डावं चाक. दाब, दाब, दाब, धर. चुर्र. सोड.

तळमजल्यावरची आईची खिडकी ह्याच आवाराकडे उघडत होती. आई खिडकीशी खुर्चीत बसलेली, पांढऱ्या केसांचा विस्कटलेला गोंडा तेवढा गजांमागे दिसत होता. आणि खाली, भिंतीआड, जमिनीवर तिचे पाय वाजत होते. टप-टप, टप-टप, टप-टप. आईनं चाळीस वर्षं पायमशीनवर लोकांचे कपडे शिवले होते. आता मशीन नव्हतं, कापड नव्हतं, शिवून द्यायला कुणाचं नावही तिला आठवत नव्हतं, पण पाय शिवत होते. दिवसभर शिवायचे. फिटरला तो आवाज डोक्यात जायचा. तो म्हणायचा, पट्टा सुटलेली मोटर नुसती फिरत राहावी तसा आहे हा. तो वाईट माणूस नव्हता. आई इथं राहायला आली ते पहिलं वर्ष त्यानंच तिला धरून संडासात नेलं होतं. मग आईनं त्याचं मोजमापाचं नाजूक यंत्र पिठाच्या डब्यात पुरलं, मग त्याला चोर म्हणू लागली, मग एकदा दार उघडून भर रहदारीत जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली, ह्या माणसानं माझ्या मुलीला पळवून आणलंय, पोलिसांना बोलवा. तिसऱ्या वर्षी त्यानं आईशी बोलणं सोडलं. ‘तुझी आई’ म्हणायचा तो ‘ती’ म्हणू लागला.

“अगं ए मुली,” आईनं खिडकीतून हाक मारली, “तो माणूस मातीत का झोपलाय? मेलाय का?”

“काम करतोय आई. ब्रेकचं.”

“मग तू गाडीत काय करतेस?”

“पाय देतेय.”

“दे, दे,” आई समजूतदारपणे म्हणाली. “पाय थांबला की शिलाई उसवते.”

लहानपणी ती त्या मशीनखालीच बसायची. आईचे पाय वरखाली, लोखंडी जाळीदार पट्टी वरखाली, तेलाचा वास, चिंध्यांचा ढीग. घराला अठरा उंच पायऱ्या होत्या, आणि तिला उतरायची भीती वाटायची म्हणून आई खाली उभी राहून हात पसरायची नि म्हणायची, 

“पायरी पायरी उतर, माझ्या चिमण्या पायांची,
खाली उभी गं मी, ओंजळ धरून मायेची.” 

दर पायरीला एक ओळ. अठराव्या पायरीवरून उडी मारायची आणि आईच्या ओंजळीत पडायचं. एक दिवस तिनं उडी मारली आणि आईनं हात मागे घेतले. हनुवटी फुटली, चार टाके पडले. डॉक्टरकडे नेताना आई रडत नव्हती. “कळलं ना?” एवढंच म्हणाली. “कायम कुणी धरत नसतं.” पन्नास वर्षांनी ती खूण अजून बोटाला लागायची. तिनं ती आत्ताही चाचपली. ओंजळ होती हे खरं, की हात मागे गेले हे खरं? सतरा पायऱ्या खऱ्या, की अठरावी? टप-टप, टप-टप, खिडकीआड आई शिवत होती, आणि दाब, दाब, दाब, ती गाडीत पाय मारत होती. आवाराच्या दोन टोकांना दोघी मायलेकी, एकीच्या पायाखाली काही नाही, एकीच्या पायाखाली हवा.

पुढचं उजवं चाक तिच्या दाराशीच होतं. आता तो इतका जवळ होता की त्याचा श्वास ऐकू येत होता. उन्हं उतरणीला लागली होती. तिचा गुडघा लाकडासारखा झालेला, मांडी आपोआप थरथरत होती, दोनशे वेळा तरी पेडल दाबून झालं असावं. तो थांबेल आता. हात टेकेल. म्हणेल, राहू दे, उद्या फोन करून सांगू. मग ती काय करेल? ती चहा टाकेल. दोघांचा. उद्या सकाळी आईची चादर बदलेल. परवा बदलेल. तेरवा बदलेल. ती तिथंच अडकली. तिसऱ्या चादरीपाशी तिच्या नाकात तो वास भरला आणि तिला गेल्या थंडीतली ती दुपार आठवली, जी आठवायची नाही असं तिनं ठरवलं होतं. फिटर बाजारात गेला होता. आईनं एका दिवसात चौथ्यांदा अंथरूण भिजवलं होतं, वर विचारलं होतं, तू कोण गं बाई, किती घाण वास येतो तुला. तिनं शांतपणे बाहेर येऊन दाराला कडी घातली होती. आई तासभर दार वाजवत होती. तिनं रेडिओ मोठा केला होता. तासाभरानं दार वाजायचं थांबलं आणि पाय वाजायला लागले, तेव्हा तिनं कडी काढली.

“दाब... दाब... धर.”

तिनं धरलं. निपल उघडलं. तिनं पाय उचलला. चुर्र.

‘सोड’ आलं नाही.

काचेच्या खालून त्याचं डोकं वर आलं. कपाळाला माती. हातात ती सलाइनची पारदर्शक नळी, आई दवाखान्यात होती तेव्हा त्यानं जपून आणलेली, तिच्यातून तेलाचा एक पिवळा थेंब खाली ओघळत होता. “उतर,” तो म्हणाला.

ती उतरली. पाय जमिनीला लागताच वाकला, तिनं दार धरलं. त्यानं धरलं नाही. तो मागच्या डाव्या चाकाकडे गेला, नळी निपलवर चढवली, आणि नळीचं दुसरं टोक बाटलीच्या तळाशी, तेलात नीट बुडवलं. निपल अर्धा आटा उघडलं. मग येऊन सीटवर बसला आणि स्वतःच पेडल दाबलं, सावकाश सोडलं, दाबलं, सोडलं. दहा वेळा. उठला, जाऊन निपल आवळलं. तेल भरलं. मग मागचं उजवं. मग पुढचं डावं. घाई नाही, शब्द नाही. चारही चाकं व्हायला पाऊण तासही लागला नाही. ती बॉनेटला टेकून उभी होती आणि बाटलीतले बुडबुडे बघत होती. आधी मोठे, मग मोहरीएवढे, मग नाहीत.

“एकट्याला होतं हे?” तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

“नळीचं तोंड तेलात बुडालेलं असलं की झालं. पाय केव्हाही उचल, तेलच आत जातं. हवा नाही.” चिंधीनं बोटं एकेक करून पुसत तो म्हणाला. “आज मी तोंड तेलाच्या वर ठेवलं होतं.”

“कधीपासून कळलं होतं?”

“तेल नळीत उलटं पळालेलं दिसतं गं. पहिल्यांदा वाटलं पाय दुखला असेल. दुसऱ्यांदा कळलं.”

सकाळपासून. म्हणजे ते ‘सोड’, ते सगळे ‘सोड’, तो रिकाम्या पेडलला म्हणत होता. हात गेले माझे म्हणाला, तेही. तिला आपल्या पायाचा एकदम तिरस्कार वाटला, भर चौकात कपडे फिटावेत तसा तो तिला उघडा वाटला. “मग इतकी वर्षं मला कशाला बसवत होतात?”

“तुला आवडायचं.” त्यानं चिंधीची घडी घातली. “आणि आज कशाला बसवलं तेही सांगतो. सकाळपासून तुला विचारतोय मी. काही म्हणायचंय का. तू एकदा तोंडानं म्हणाली असतीस ना, नाही न्यायचं आईला, तर मी तिथंच चाक चढवलं असतं. शपथ सांगतो. शिव्या घातल्या असत्या, पण चढवलं असतं. मी दिवसभर वाट बघत होतो.” त्यानं चिंधी खिशात घातली. “अजून म्हण. उशीर नाही झालेला.”

खिडकीआड पाय वाजायचे थांबले होते. तिनं तोंड उघडलं. शब्द तिथंच होता, जिभेच्या टोकाशी, दिवसभर पायानं बोललेला तोच तो शब्द. तिनं वाट पाहिली. तो बाहेर आला नाही, आणि का येत नाही ते तिला लख्ख दिसलं, कडी घातलेलं दार दिसावं तसं. तिला आई घरी नको होती. तिला फक्त गाडी बिघडायला हवी होती. आईला ठेवून घेणारी ती आणि आईला काढणारा तो, एवढंच तिला हवं होतं. आणि तो ते तिला देणार नव्हता. त्यानं फार वेळ दिला, खरंच फार वेळ दिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“बस,” तो शेवटी म्हणाला. “दाबून बघ. तुझ्या पायाला कळतं.”

ती सीटवर बसली. पेडलवर पाय ठेवला, दाबला. दगड. बोटभर जाऊन पेडल थांबलं, आणि तिनं कितीही जोर लावला तरी तसूभर हललं नाही.

घराचं मागचं दार वाजलं. आई बाहेर आली होती, केस पाण्यानं चापून बसवलेले, पायांत दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या चपला, छातीशी धरलेली पिशवी, आणि पिशवीतून लोंबणारी एक चिंधी. त्या माणसाला ती आज घाबरत नव्हती. “झाली का हो गाडी?” तिनं आदबीनं विचारलं. “मला निघायचंय. घरी मुलगी वाट बघत असेल. पायऱ्या उतरता येत नाहीत तिला.”

फिटरनं पान्याचा डबा उचलला. “तिला विचारा,” तो म्हणाला, आणि पाठमोरा झाला, पण गेला नाही.

आई खिडकीशी आली. वाकली. डोळ्यांत ओळख नव्हती, पण विश्वास होता, अनोळखी बाईवर ठेवतात तसा, पूर्ण. “निघायचं का गं?”

दगडावर पाय दाबून धरलेला तसाच ठेवून तिनं आईकडे पाहिलं. बोलायला काहीच जड गेलं नाही. आवाज स्वच्छ आला, मास्तरांच्या गॅलरीपर्यंत पोचेल इतका.

“उद्या,” ती म्हणाली. “उद्या सकाळी आठला, आई.”